उणे नव्वद की दोनशे सत्तर

नारायण पेठेत आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दारावर बारा वर्षं एक पितळी पाटी होती: ‘बेल एकदाच वाजवावी’. मजकूर माझा. पाटी करायला टाकताना यजमानांनी विचारलं होतं, "वर ‘कृपया’ घालू का?" मी म्हटलं, "घाला, तेवढ्याने माणसं शहाणी होत असतील तर." त्यांनी घातलं नाही. संसारात कुठे गप्प बसायचं हे त्यांना माझ्याआधी कळलं.

मी एकतीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं. त्यातली बरीचशी वर्षं बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गाला संमिश्र संख्या. वर्ग केला की उणे एक येतो अशी जी काल्पनिक संख्या, तिला आय म्हणतात. तिच्यामागे उणे लावलं की उणे आय. कागदावर दाखवायची तर मध्यापासून सरळ खाली एक बाण काढायचा. इथपर्यंत मुलं येतात. मग मी फळ्यावर लिहायचे, उणे आयचा आय घात काढा, आणि वर्गाचे चेहरे बघायचे. दोनचा तिसरा घात म्हणजे दोन तीनदा घेऊन गुणायचे, हे ठीक. पण आय वेळा गुणायचं म्हणजे काय? पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, बाई चेष्टा करतायत.

चेष्टा नसते. आधी त्या संख्येचा लॉग घ्यायचा, त्याला आयने गुणायचं आणि मग लॉग उलटा फिरवून परत यायचं. गंमत अशी की दोन काल्पनिक संख्यांच्या या भानगडीतून जे बाहेर पडतं ते अगदी साधं असतं, वाण्याच्या काट्यावर दिसावं तसं, दशांश चिन्हाचं. मला दर वर्षी त्या जागी आनंद व्हायचा. माझ्या चेहऱ्यावर तो दिसत नसे, अशी मुलांची तक्रार होती.

अडचण लॉगमध्ये आहे. लॉगला संख्येची दिशा लागते, म्हणजे कोन लागतो, आणि कोन एकच नसतो. यासाठी मी वर्गात मारुतीचं देऊळ आणायचे. मारुतीच्या समोरून निघालेली बाई आता त्याच्या डाव्या हाताला उभी आहे. ती पाऊण प्रदक्षिणा घालून तिथे आली, की आळशीपणा करून उलटी पावच चालली? की चार पुऱ्या घालून वर पाऊण? नुसतं तिच्याकडे बघून कळत नाही. तिच्या मुठीतले चिंचोके मोजावे लागतात. लॉग ते चिंचोके मोजतो. म्हणून त्या एका प्रश्नाला हवी तेवढी उत्तरं असतात, आणि ती एकमेकांच्या आसपासही नसतात. उणे आयचा कोन उणे नव्वद अंश धरला तर उत्तर येतं ४.८१०. तोच कोन दोनशे सत्तर धरला तर ०.००९. बाण तोच, सरळ खाली. दोन्ही उत्तरं बरोबर. कोन कुठून कुठपर्यंत मोजणार हे आधी सांगायचं असतं, एवढंच.

मी उणे एकशेऐंशी ते एकशेऐंशी मोजते. शून्य ते तीनशे साठ मोजणारेही आहेत, आणि ते काही अडाणी नाहीत. पण माझ्या वर्गात तीस वर्षं एकाच पद्धतीने मोजलं गेलं. इतकं, की ते सांगायचं असतं हे मीच विसरून गेले.

शेवटून दुसऱ्या वर्षी विद्यापीठाचा तो पेपर माझ्याकडे आला. पेपर कुणी काढला हे कुणाला सांगायचं नसतं, पण काढणाऱ्यालाच नमुना उत्तरंही करून द्यावी लागतात. आम्ही त्याला मॉडेल आन्सर म्हणतो. तपासणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्याची झेरॉक्स असते आणि लाल पेन तिच्याबाहेर जात नाही. मी प्रश्न घातला, ‘उणे आयचा आय घात तीन दशांश स्थळांपर्यंत काढा’, गुण पाच. कोन कुठून मोजायचा ते लिहिलं नाही. उत्तर लिहिलं ४.८१०. आणि त्याच्याखाली माझ्या हस्ताक्षरात एक ओळ टाकली: ‘अन्य कोणत्याही उत्तरास शून्य’.

ही ओळ कशी आली तेही सांगते. आदल्या वर्षी तपासणाऱ्यांनी पानं भरली म्हणून दोन-दोन, तीन-तीन गुण वाटले होते. प्रसादाचे चुरमुरे वाटतात तसे. मला त्याचा भयंकर राग आला होता. तो राग मी या वर्षीच्या मुलांवर काढला.

पेपर तपासायला आम्ही तीस-पस्तीस जण एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसायचो. टेबलांवर गठ्ठे, वर एक करकरणारा पंखा, चार वाजता चहा. मी सगळ्यांवर देखरेख करायला पुढे. तिसऱ्या दिवशी एक तरुण प्राध्यापक उत्तरपत्रिका घेऊन माझ्या टेबलापाशी आला. कंत्राटी नोकरी, दर जूनमध्ये ऑर्डर निघेल की नाही याची धास्ती. म्हणाला, "मॅडम, यात उत्तर ०.००९ आलंय. पण स्टेप्स पटण्यासारख्या आहेत. जरा बघता का?"

मी मान वर केली नाही. "मॉडेल आन्सरमध्ये किती आहे?"

"४.८१०."

"तुमच्या हातात किती आहे?"

"०.००९."

"दोन्ही सारखे दिसतात का तुम्हाला? दिसत असतील तर आधी डोळे तपासा, पेपर मागून तपासता येतील."

चार-पाच जण हसले. तो पण थोडं हसला आणि जागेवर गेला. मला माझं वाक्य आवडलं होतं. संध्याकाळी घरी येऊन मी ते यजमानांनाही ऐकवलं.

निकाल जूनअखेर लागला. जुलैतल्या एका गुरुवारी सकाळपासून लाइट नव्हती. आमच्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी जाते, त्यात नवल नाही. मी आत वाचत बसले होते. यजमान मंडईतून भाजी घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "अगं, बाहेर माणसं उभी आहेत. पाऊण तास झालाय म्हणे."

एक मुलगी आणि तिचे वडील. मुलीच्या हातात प्लॅस्टिकची फाइल, वडिलांच्या हातात छत्री. इस्त्रीचा शर्ट, पायातल्या चपला त्यांनी दाराबाहेर आधीच नीट ओळीत काढून ठेवल्या होत्या. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "बेल का नाही वाजवलीत?"

"वाजवली मॅडम," वडील म्हणाले. "एकदा."

लाइट नाही आणि बेल आत वाजलीच नाही, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. बाहेरून दिसत होतं ते एवढंच, की बेल दाबली आणि आतून कुणी आलं नाही. मी म्हटलं, "अहो, मग दार ठोठवायचं."

"तसं लिहिलेलं नव्हतं." त्यांनी हे जराही टोमणा न मारता सांगितलं. पेठेत इतकी वर्षं राहिल्यावर टोमणा नसलेलं वाक्य मला चटकन ओळखू येत नाही, पण ते तसंच होतं. "मी खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात आहे मॅडम. आमच्याकडं पाटीवर असंल तेवढंच करायचं. कमी केलं तरी घोळ, जास्त केलं तरी घोळ."

मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली. तिच्या कॉलेजच्या सरांनी तिला माझ्याकडे पाठवलं होतं. या विषयात शंका असेल तर त्या मॅडमना दाखव, तोंडाने फटकळ आहेत पण खरं सांगतील, असं त्यांनी सांगितलं होतं. हे तिने मला तसंच्या तसं सांगितलं आणि मग जीभ चावली.

तिला त्या पेपरात छत्तीस गुण होते. पासिंगला चाळीस. बाकी सगळ्या विषयांत साठाच्या पुढे. या एका विषयामुळे बी.एस्सी. अडली होती आणि बी.एस्सी. अडली म्हणून एम.एस्सी.चा प्रवेश अडला होता. तिने उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून घेतली होती. फेरतपासणीचा अर्ज करायला चार दिवस उरले होते.

"अर्ज करायचा का नाही, तेवढंच विचारायला आलो," वडील म्हणाले. "तिचं चुकलं असंल तर चुकलं म्हणा मॅडम. उगाच तपासणाऱ्यावर आळ नको. त्यांनीपण बघूनच दिलं असंल."

मुलीने फाइलमधून पान काढून माझ्यापुढे ठेवलं. मला दिसलं ते आधी तळाचं उत्तर, ०.००९, आणि त्याच्याशेजारी गोल शून्य. जित्याची खोड. मी म्हणून गेले, "उत्तर ४.८१० यायला हवं."

मुलीचा चेहरा उतरला. वडिलांनी छत्री हातात घेतली. पण उठायच्या आधी ती हळूच म्हणाली, "मॅडम, मी पहिल्या ओळीत लिहिलंय. कोन शून्य ते तीनशे साठ घेतलाय म्हणून. आमचे सर तसंच शिकवतात. मग २७० येतो ना?"

मी चष्मा लावला आणि पहिली ओळ वाचली. तिथे स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. त्याच्याखाली लॉग, त्याच्याखाली गुणाकार, एक पायरी गाळलेली नाही. आणि शून्याच्या खाली, लाल शाई जिथे संपत होती तिथे, तिने आणखी एक वाक्य लिहिलं होतं: ‘कोनात पूर्ण फेऱ्या मिळवल्यास किंवा वजा केल्यास इतर किमती मिळतील, उदा. ४.८१०.’

माझं उत्तर तिच्या उत्तरपत्रिकेत होतं. तिचं माझ्यात नव्हतं.

मला त्या क्षणी लाज वाटली. नुसती चुकीची नाही. चूक कुणाचीही होते. आपण सिंहासनावर बसलो होतो आणि खाली ही पोर आपल्यापेक्षा पुरतं लिहून गेली, आणि आपण वाचलंसुद्धा नाही, याची. त्या तरुण प्राध्यापकाने आणलेली उत्तरपत्रिका हीच होती का दुसऱ्या कुणाची, ते मला आजही माहीत नाही. त्याने काही फरक पडत नाही.

"तुझं बरोबर आहे," मी म्हटलं. "शंभर टक्के बरोबर आहे. अर्ज कर."

तिने वडिलांकडे बघितलं. त्यांनी छत्री परत भिंतीला टेकवली, आणि तेवढ्या वेळात तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी उठून आत चहा टाकायला गेले, कारण मला तिथे बसवेना. मॉडेल आन्सर कुणी केलं ते मी सांगितलं नाही. नियम तर होताच. नियमाचा मला इतका आधार त्याआधी कधी वाटला नव्हता.

ती गेल्यावर खरी गोष्ट ध्यानात आली. फेरतपासणी करणाराही तेच मॉडेल आन्सर हातात घेऊन बसणार. त्यावर माझ्या हस्ताक्षरात लिहिलंय, अन्य कोणत्याही उत्तरास शून्य. म्हणजे मी तिला अर्ज करायला लावला आणि तिकडे तिच्यासाठी पुन्हा शून्यच ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी परीक्षा विभागात गेले.

तिथले अधिकारी माझ्या ओळखीचे, सज्जन माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही त्या मुलीचा बैठक क्रमांक द्या. तिची उत्तरपत्रिका समजूतदार माणसाकडे पाठवतो. होऊन जाईल."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कुठे आलेत?"

"तिच्या सरांनी आख्ख्या वर्गाला असंच शिकवलं असणार."

"मॅडम, निकाल लागलाय. आता लेखी दिलंत तर सगळे गठ्ठे उघडावे लागतील. समिती बसेल. पेपर कुणी काढला ते बाहेर येईल. तुमच्या निवृत्तीला वर्ष राहिलंय. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

मी क्रमांक दिला नाही. पत्रही दिलं नाही. विचार करते म्हणाले आणि घरी आले.

आता कबूल करते, मी आठ दिवस विचार केला. विचार कसला, मी घाबरले होते. तीस वर्षं ज्या स्टाफरूममध्ये मी दुसऱ्यांच्या चुका नाव घेऊन सांगितल्या होत्या, त्या स्टाफरूममध्ये माझी चूक चहाबरोबर चघळली जाणार होती. आणि ती मंडळी माझ्याच तालमीत तयार झालेली. मी पत्राचे तीन खर्डे केले आणि टेबलाच्या खणात ठेवले. यजमान रोज विचारायचे नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "तुझ्या वर्गात एखाद्या पोराने गृहपाठ आठ दिवस खणात ठेवला असता तर?"

"तर मी त्याला उभं केलं असतं."

"हं," ते म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

नवव्या दिवशी मी पत्र नेऊन दिलं. प्रश्नात कोनाची मर्यादा अनवधानाने द्यायची राहिली, दुसरी पद्धत धरून केलेलं उत्तर तितकंच ग्राह्य आहे, संबंधित सर्व उत्तरपत्रिका पुन्हा पाहाव्यात, ही माझी विनंती. खाली सही. अधिकाऱ्यांनी पत्र वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि आवक-जावकचा शिक्का मारला.

पुढे जे व्हायचं ते सगळं झालं. समिती बसली. गठ्ठे उघडले. माझ्याकडून पेपर काढायचं काम काढून घेतलं गेलं, आणि स्टाफरूममध्ये एक जण मला फार आदराने म्हणाला, "मॅडम, आज तारीख किती धरायची, तुमच्या पद्धतीने की आमच्या?" मी हसले. वाक्य चांगलं होतं, आणि माझं देणं होतं.

पण सरकारी काम आपल्या चालीने चालतं. सुधारित निकाल लागला तेव्हा ती मुलगी एक्केचाळीस गुणांनी पास झाली होती. तिच्यासारखे आणखीही निघाले, त्यातले काही पासच होते, त्यांचे गुण वाढले. आणि एम.एस्सी.चे प्रवेश पाचच दिवस आधी बंद झाले होते. मी कॅलेंडरवर ते दिवस बोट ठेवून मोजले. ते पाच माझ्या आठ दिवसांत बसत होते, वर तीन उरत होते.

ती दोघं पेढे घेऊन आली. त्या दिवशी लाइट होती. बेल वाजली, एकदा.

मुलगी हसत होती. "पास झाले मॅडम. प्रवेश पुढच्या वर्षी घेईन. तोवर खडकीतच एका क्लासमध्ये शिकवतेय, आठवी-नववीला." वडिलांनी पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सर सांगत होते, ज्यांनी ती उत्तरं केली होती त्यांनीच स्वतःहून लिहून दिलं म्हणे. एवढ्या मोठ्या माणसानं. कुठं भेटले तर आमचा नमस्कार सांगा मॅडम."

माझ्या हातात तो पुडा होता. खाली ठेवता येईना, उघडता येईना. गप्प बसले असते तर तो नमस्कार फुकटात पदरात पडला असता.

"ती मीच," मी म्हटलं.

मग मी थांबले नाही. प्रश्न मी काढला. कोन सांगायला मी विसरले. अन्य कोणत्याही उत्तराला शून्य, हे मी लिहिलं. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मला कळलं होतं आणि मी बोलले नाही. आणि पत्र द्यायला मी आठ दिवस लावले. ते लावले नसते तर बहुतेक तुझा प्रवेश झाला असता. माझ्यामुळे तुझं वर्ष गेलं.

एवढं मी विद्यार्थ्यासमोर आयुष्यात बोलले नव्हते.

मुलीचं हसू गेलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने विचारलं, "मॅडम, तपासताना कुणालाच वाटलं नाही का, की हे पण बरोबर असेल?"

हा प्रश्न समितीनेसुद्धा मला विचारला नव्हता. पत्रात मी ‘अनवधानाने’ लिहून मोकळी झाले होते.

"वाटलं होतं," मी म्हटलं. "एक सर घेऊन आले होते असाच एक पेपर. मी न बघता त्यांची टिंगल केली. सगळे हसले."

"मग त्यांनी परत नाही विचारलं?"

"नाही."

यावर बोलले ते वडील. त्यांची नजर उघड्या दारावर होती, पाटीच्या बाजूला. आवाजात राग नव्हता, मला समजून घेतल्यासारखाच होता तो.

"कसं विचारतील मॅडम? आम्हीपण बेल एकदाच दाबली होती."

ती दोघं गेल्यावर मी त्या तरुण प्राध्यापकाला फोन केला. तुमचं बरोबर होतं आणि मी सगळ्यांदेखत तुमचा अपमान केला, असं सांगितलं. तो म्हणाला, "असू दे मॅडम, मी विसरलो." मग म्हणाला, "तसल्या अजून दोन-तीन होत्या माझ्या गठ्ठ्यात. मी नाही आणल्या."

संध्याकाळी यजमानांकडून पेचकस मागून घेतला. त्यांनी काही न विचारता स्टूल धरलं. पाटीला चार स्क्रू होते, त्यातला एक गंजलेला, तो निघता निघेना. दारावर चार भोकं राहिली, ती अजून आहेत.

मुलीला मी म्हटलं होतं की यायचं असेल तर दर गुरुवारी ये, एम.एस्सी.चं पहिलं वर्ष आपण घरीच सुरू करू. येईल असं वाटलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी सकाळपासून लाइट नव्हती. अकराच्या सुमाराला तिने दार हाताने वाजवलं, आणि मी उठून कडी काढेपर्यंत वाजवत राहिली.